शाळेजवळच्या डीपी रोडवर सिग्नल हवाच

चौकस
कालचा "सिग्नल मागण्याआधी गाड्या मोजा" हा धागा वाचून राहवलं नाही. त्यातलं म्हणणं असं: शाळेपाशी सोसायट्यांकडचा रस्ता डीपी रोडला, म्हणजे विकास आराखड्यातल्या मोठ्या रस्त्याला, मिळतो तिथे सिग्नल लावला तर मागच्या चौकापर्यंत रांग लागेल, तेवढी वाहतूक तिथे नाहीच, आणि पायी जाणाऱ्यांनी जरा थांबून, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडावा.

गाड्या जरूर मोजा, पण सोबत माणसंही मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) पादचाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेत, आयआरसी १०३ मध्ये, सूत्र दिलंय: गर्दीच्या तासाला ओलांडणारी माणसं गुणिले गाड्यांच्या संख्येचा वर्ग. दुभाजक नसेल तर १० कोटी, असेल तर २० कोटी, त्याच्या वर आकडा गेला की पादचाऱ्यांसाठी नियंत्रित क्रॉसिंगचा विचार करायचा. तासाला १००० गाड्या आणि २०० माणसं धरली की २० कोटी भरले. शाळा सुटल्यावर २०० माणसं ओलांडायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. अपघातांच्या निकषाचं बोलाल, तर सिग्नलांच्या आयआरसी ९३ मध्ये १२ महिन्यांत पाच नोंदलेले अपघात धरतात. गुडघे फोडून घरी गेलेले आजोबा कुठल्या नोंदीत येतात?

आणि "दोन्हीकडे बघा" म्हणता, तर काय दिसतं तिथून? दुभाजकातली बोगनवेल छातीपर्यंत वाढलेली, कडेला रिक्षा उभ्या. सहावीतलं पोर त्या झुडपाआडून बाहेर येतं तेव्हा गाडीवाल्याला पहिल्यांदा दिसतं. ताशी ५० ने येणारी गाडी थांबायला ६० मीटर लागतात, ३० ने आली तर ३०. यात चालकाचे विचार करून ब्रेक दाबण्याचे अडीच सेकंद धरलेत. पुण्यातल्या रिकाम्या डीपी रोडवर ३० ने कोण येतं?

सरळ_रेषा
कालचा धागा माझा. उत्तर आकड्यांतच देतो.

तुमचा रस्ता ७ अधिक ७ मीटर, मध्ये सव्वा मीटर दुभाजक. सेकंदाला १.२ मीटर चालीने १३ सेकंद, वयस्कर माणसाची ०.८ धरली तर १९. पाऊल उचलायला सुरुवातीचे ७. झाले २६ सेकंद, आणि त्या वेळात सगळ्या गाड्या लाल. तीन फाट्यांचे तीन फेज, म्हणजे हिरव्याच्या तीन पाळ्या, प्रत्येकात पिवळा आणि सुरुवातीची ढिलाई मिळून चार सेकंद वाया. १२० सेकंदांच्या चक्रातले ३८ सेकंद कोणाचीच गाडी हलत नाही. रांग लागणार नाही तर काय होणार?

त्याहून वाईट म्हणजे पायी माणसाला दीड मिनिट थांबावं लागणार. अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या वर कोणी थांबत नाही, लाल असताना घुसतो. आणि हिरवा मिळालेला गाडीवाला सिग्नल नसतानापेक्षा जास्त वेगात असतो, कारण आता रस्ता आपलाच अशी त्याची खात्री असते. चुकीच्या जागी लावलेला सिग्नल असा माणूस मारतो. शिवाय मागून धडकण्याचे प्रकार वाढतात ते वेगळेच. तिथे उंच क्रॉसिंग, म्हणजे पदपथाच्या पातळीला उचललेला झेब्रा, करा, वेग आपोआप उतरेल.

शनिपार
दोघांनीही डावीकडे वळणाऱ्यांना सोडून दिलं. पायी जाणाऱ्याला हिरवा आणि त्याच वेळी डाव्या कोपऱ्यातून मोटरसायकलींची धार, हे पुण्यातल्या चौकाचौकांत चाललंय. कोपऱ्याची त्रिज्या १२ मीटर ठेवली तर गाडी वेग कमी न करता वळते. ती ६ वर आणा, चालकाला ब्रेक लावावाच लागतो आणि ओलांडायचं अंतरही घटतं. बारा मीटरची पीएमपी बस त्यात वळताना पलीकडच्या लेनमध्ये जाते हे मान्य, म्हणून कोपऱ्याला दगडी फरसबंदीची, चाक चढू शकेल अशी पट्टी ठेवायची. बसचं मागचं चाक तिच्यावरून जातं, दुचाकीवाला खडबडीत म्हणून टाळतो.

मणका
उंच क्रॉसिंग म्हणे! सरळ_रेषा, पुण्यात गतिरोधक कसे बांधतात ते माहीत नाही का तुम्हाला? दीड फूट रुंद आणि वीतभर उंच डांबराचा ढीग. पांढरे पट्टे नाहीत, ४० मीटर आधी फलक नाही. रात्री पावसात स्कूटरवरची बाई थेट हँडलवरून जाते. पादचारी वाचवायचे आणि दुचाकीवाले पाडायचे? गतिरोधकाचं नावही काढू नका.

डांबर_खडी
मणका, चुकीचा गतिरोधक बघून गतिरोधकच नको म्हणणं बरोबर नाही. आयआरसी ९९ चा गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर, वक्राची त्रिज्या १७ मीटर. त्यावरून ताशी २५ ने गेलात तर कंबरेला झटका बसत नाही. चूक कुठे होते सांगतो. रस्ता झाला की संध्याकाळी गाडीत उरलेला गरम माल फावड्याने टाकतात. साचा नसतो. लाकडी फळीचा साचा कापायला अर्धा तास लागतो: मधोमध १० सेंटिमीटर, तिथून एक मीटरवर ७, दीड मीटरवर साडेतीन, टोकाला शून्य. साच्याशिवाय रोलर फिरवला की कडा दबतात, मधला भाग तसाच राहतो आणि महिन्याभरात चाकांच्या रेषेत खड्डे पडतात.

मणका
साचा कागदावरच राहतो, साहेब. कोण तपासतं? बिल काढताना कोणी पट्टी लावून उंची मोजल्याचं ऐकलंय का? आणि ते रबरी तुकडे बोल्टने ठोकतात, त्यातले चार निघाले की उरलेला बोल्ट टायर फाडतो. तुम्ही लोक पुस्तकातली मापं सांगता आणि हाडं आमची मोडतात!

डांबर_खडी
"तुम्ही लोक" कोण? माप सांगितलं म्हणून मोडतोडीला मी जबाबदार? बांधणारा आणि तपासणारा वेगळा ठेवा, बिलासोबत साचा लावलेला फोटो सक्तीचा करा, ही मागणी मी सगळीकडे करतोय.

आणि उंच क्रॉसिंग हा वेगळा प्रकार आहे. पदपथाच्या पातळीला, म्हणजे १५ सेंटिमीटर. वरचा सपाट भाग झेब्राइतका तरी रुंद. उतार एकास दहा ठेवला तर दीड मीटर. बसचा रस्ता असेल तर एकास वीस, म्हणजे तीन मीटर. पण या प्रकाराची एक खोड आहे: पदपथाला टेकवला की कडेचं पाणी अडतं. जूनमध्ये ओलांडणाऱ्याच्या पायाशीच तळं साचतं, मग तो क्रॉसिंग सोडून दहा मीटर पुढून जातो. दोन्ही कडांना जाळीचं झाकण असलेली नाली आधी हवी. ती नंतर फोडून करतात, तिथून पुढे क्रॉसिंगही फुटतं.

मणका
एकास वीसचा उतार आणि नाली आधी, एवढं खरंच करणार असतील तर माझा विरोध नाही. डांबराच्या ढिगाला आहे आणि राहील.

चौकस
अर्धा धागा गतिरोधकात गेला. सरळ_रेषांच्या आकड्यांकडे येतो.

तुमचे २६ सेकंद एका दमात ओलांडायचं धरून आहेत. दुभाजक सव्वाचा दोन मीटर करा, म्हणजे बाबागाडी किंवा व्हीलचेअर मध्ये थांबू शकते. मग एका बाजूला ७ मीटरच. ०.८ च्या चालीने ९ सेकंद, अधिक ७, झाले १६. सोसायटीच्या रस्त्याला हिरवा असतो तेव्हा डीपी रोड लालच असतो, त्याच वेळात हे बसवा. पायी माणसाला गाड्यांच्या आधी चार-पाच सेकंद हिरवा द्या, म्हणजे वळणारी गाडी येईपर्यंत तो झेब्राच्या मध्यावर असतो. सगळ्या गाड्या थांबवणारा वेगळा फेज लागत नाही, चक्र सत्तर सेकंदांत बसतं.

उंच क्रॉसिंग एकटं पुरत नाही, कारण एका दिशेला दोन लेन आहेत. कडेची बस थांबते, तिच्या पलीकडून स्कूटर थांबत नाही, आणि दोघांना एकमेकं दिसत नाहीत. लाल दिवा दोन्ही लेनना थांबवतो.

केबल_फॉल्ट
दिवा बसवून काम संपत नाही. रस्ता काँक्रीटचा होत असेल तर आताच केबलसाठी रस्त्याखालून आडवे १०० मिलिमीटरचे दोन एचडीपीई (जाड प्लास्टिकचे) पाइप टाका, एक रिकामा. नाहीतर ड्रेनेजवाले खोदतात, केबल तुटते, जोड मातीत राहतो, पहिल्या पावसात पाणी शिरतं आणि सिग्नलचा कंट्रोलर ब्लिंकरवर जातो. पिवळा लुकलुकतोय म्हणजे पायी माणसाला काहीच नाही. यूपीएस निदान चार तासांचा हवा.

पायी माणसाने हिरवा मागायला दाबायचं बटण जमिनीपासून एक मीटरवर, आणि दाबल्यावर लागणारा दिवा हवाच. तो नसेल तर बटण बंद आहे समजून माणूस निघून जातो. शाळेच्या वेळात बटणावर सोडू नका, प्रत्येक चक्रात पायी फेज आपोआप आला पाहिजे. आणि गाड्यांना सेकंदांचा टायमर नको. तीन दिसले की दुचाक्या निघतात. तसंही शहरात आता गर्दी बघून वेळ बदलणारी यंत्रणा आली आहे, तिथे उलटी मोजणी जुळत नाही.

सरळ_रेषा
दोन मीटरचा दुभाजक आणि सत्तर सेकंदांचं चक्र असेल तर रांगेचं माझं गणित बदलतं, एवढं मान्य करतो. पण दुभाजकाला वाढीव पाऊण मीटर रुंदी लेनमधूनच जाणार, त्या सव्वातीनपेक्षा अरुंद होऊ देऊ नका. आणि २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलेल्या शहरात आधी मोजणी न करता सिग्नल मागणं मला आजही पटत नाही.

चौकस
लेन ३.३ ची होते, सव्वातीनच्या वरच; बस जाते, वेग उतरतो तो फायदाच. ७ मीटरचे ६.६ होतील, ओलांडायचं अंतरही तेवढंच घटेल.

मोजणी करूच. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, शाळा भरताना आणि सुटताना. मुलं, वयस्कर आणि इतर वेगळे. दुभाजकावर अडकून उभे राहणाऱ्यांचा रकाना वेगळा. पन्नास मीटर पुढे जाऊन ओलांडणारेही धरायचे, कारण चौकाला घाबरूनच ते तिथून जातात. गाड्या दुचाकी, रिक्षा, कार, बस अशा चार प्रकारांत. गुरुवार नको, त्या दिवशी एमआयडीसीची सुट्टी असते, गाड्या कमी भरतात. मंगळवार-बुधवार धरू. तुम्ही गाड्यांच्या बाजूला उभे राहा, आम्ही माणसं मोजतो.