एफवायच्या वर्गात कुणी बोलतच नाही, काय करू?

तासिका_फिजिक्स
नमस्कार. पेठेतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते, यंदा दुसरं वर्ष. एफवाय बीएस्सीच्या पटावर 84 मुलं, रोज 60 तरी येतात. बाकं जमिनीला ठोकलेली. मी तयारी करून जाते, फळा भरते, "समजलं का?" विचारते आणि सगळ्या माना एकदम हलतात.

परवा इंटर्नलचे पेपर तपासले. ओहमच्या नियमावरची गणितं बहुतेकांना आली. शेवटी मी एक साधा प्रश्न घातला होता: दोन सारखे दिवे सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक एकाच वाटेवर, जोडले तर दुसरा पहिल्यापेक्षा मंद लागेल का? एका मुलीनं लिहिलंय, "हो, कारण पहिल्या दिव्यात करंट खर्च होतो." बाकीच्या पेपरात तिला जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क आहेत. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी सांगितलं, त्यांनी उतरवून घेतलं, यापलीकडे वर्गात काही घडलंच नाही.

हीच मुलं जिन्यात मोठमोठ्यानं बोलत असतात. वर्गात त्यांना बोलतं कसं करायचं? ग्रुप पाडायला जागा नाही आणि पोर्शन तर संपवायचाच आहे.

कोथरूडकर
मॅडम, 31 वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या मुलीनं मनात होतं ते लिहिलं, याचा मला आनंद वाटला. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनाही हेच दिसलं होतं. मुलं अवघड गणितं सोडवायची आणि न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या शाब्दिक प्रश्नाला अडायची. मग 1991 पासून त्यांनी वर्गाची रीतच बदलली. थोडं शिकवायचं, पर्याय देऊन एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला ते पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. ठोकलेल्या बाकांवरही शेजारी असतोच.

मी अप्पा बळवंत चौकातून चार रंगांची कार्डशीट आणून प्रत्येकासाठी अ, ब, क, ड कापली. माझा आवडता प्रश्न देतो: 60 आणि 100 वॅटचे जुने पिवळे बल्ब सिरीजमध्ये जोडून 230 व्होल्टला लावले, तर जास्त उजेड कुणाचा? जवळजवळ अख्खा वर्ग 100 म्हणतो. मग दोन-तीन मिनिटं आपापसात बोलू द्यायचं. त्या वेळात गप्प राहणं मला सगळ्यात जड गेलं, जीभ सारखी शिवशिवायची. नंतर फळीवर लावलेले होल्डर, बटण दाबायचं. 60 चा लख्ख लागतो आणि 100 ची नुसती तार लालसर दिसते. त्यानंतर 60 चा रेझिस्टन्स (विरोध) जास्त, करंट दोघांत तोच, म्हणून उजेड 60 चा जास्त, हे सांगितलं की कान टवकारलेले असतात.

हात वर करायला सांगू नका. सगळे पुढच्या बाकावरच्या हुशार मुलाकडे बघून हात करतात. कार्ड छातीशी धरायला लावा, एकाच वेळी. साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील तर चर्चा रंगते. त्याहून कमी असतील तर एरवी आपणच पुन्हा शिकवायचं; बल्बचा प्रश्न अपवाद, तिथे प्रयोगच उत्तर देतो.

ओतूरचा_पोरगा
मॅडम, मी त्या मागच्या बाकावरचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम. उत्तर यायचं, पण इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असायचे. एकदा एका शब्दाचा उच्चार चुकला, वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी तोंड उघडलं नाही. मराठीत बोललेलं चालेल हे तुमच्या तोंडून सांगा, आम्ही ते आपण होऊन धरून चालत नाही. आणि नाव घेऊन उभं करू नका.

सिंहगड_रोड
मी इंजिनिअरिंगला हे करून पाहिलं आणि सोडलं. फीडबॅकमध्ये मुलांनी लिहिलं, "सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात." खूप लागलं ते मनाला.

कोथरूडकर
सर, तसं होतं. हार्वर्डमध्येच 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दिसलं: अशा वर्गातल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलं, पण चाचणीत मार्क जास्त पडले. डोक्याला ताण पडतो, त्यालाच मुलं 'समजलं नाही' म्हणतात. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना हे सांगून टाकायचं. विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र करून 2014 मध्ये निष्कर्ष आला, त्यात नुसत्या लेक्चरच्या वर्गात सुमारे 34 टक्के नापास आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात 22. पोर्शनसाठी मी लांबलचक डेरिव्हेशन घरी वाचायला देत असे. सुरुवातीला एका तासाला एकच प्रश्न पुरे.

तासिका_फिजिक्स
सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी बुधवार पेठेत हिंडून दोन्ही बल्ब मिळवले आणि आज प्रयोग केला. आधीच सांगितलं, मराठीत बोला. पहिल्या खेपेला 58 पैकी 49 कार्डं 100 वॅटची. मग जो गलका झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात डोकावून गेले. बल्ब लागला तेव्हा मागची मुलं बाकावर उभी राहिली होती.

करंट खर्च होत नाही, जेवढा येतो तेवढाच परत जातो, हे मी फळ्यावर लिहीत होते. तेवढ्यात ती पेपरवाली मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, "मॅम, मग एमएसईबी बिल कशाचं घेते?"

बेल झाली होती, तरी 15-20 जण बसून राहिले. उद्याचा तास तिच्याच प्रश्नापासून सुरू करते आहे. यावर पर्याय कोणते द्यावेत, सर?