मदत हवी आहे: अपग्रेड फसलं तर मशीनने आपणहून जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) परतावं, यासाठी काय करू?

नमस्कार मंडळी,

गावच्या वाचनालयातला कॉम्प्युटर मी पुण्यातून सांभाळतो. पुस्तकांची देवघेव, वर्गणी, सगळं त्या एकाच मशीनवर. लिनक्स, ग्रब (मशीन सुरू होताना कोणता कर्नल चालवायचा ते ठरवणारा प्रोग्राम), आणि बूटचं पार्टिशन (डिस्कचा कर्नल ठेवायचा भाग) वेगळं, ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचं (फाइली साठवायची एक पद्धत).

मागच्या आठवड्यात रात्री अपग्रेड लावून रीबूट दिला आणि मशीन परत आलंच नाही. सकाळी ग्रंथपाल ताईंनी स्क्रीनचा फोटो पाठवला: कर्नल पॅनिक (कर्नलच कोसळून मशीन थांबणं), रूट फाइलसिस्टिम (मुख्य सिस्टिमच्या फाइली) माउंट होत नाही, म्हणजे जोडली जात नाही. बूट पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरलं होतं, त्यामुळे नव्याचा इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) अर्धवटच लिहिला गेला. आधी जागा बघायला हवी होती, चूक माझीच. ताईंनी फोनवर माझं ऐकत ग्रबच्या इंग्रजी मेन्यूतून जुना कर्नल निवडला, पण त्यात पाऊण तास गेला. तोवर शाळेतली पोरं पुस्तकं हातात धरून दारात उभी होती. ते मनाला फार लागलं.

जागा मोकळी केली आहे, पण पुढच्या वेळी कारण दुसरंच असेल. अँड्रॉइडमध्ये ७ व्या आवृत्तीपासून दोन स्लॉटची (सिस्टिमच्या दोन प्रती ठेवायची) सोय आहे. नवं बूट झालं नाही तर फोन जुन्या स्लॉटवर परततो. साध्या पीसीवर असं जमेल का? बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीच्या जपलेल्या प्रती) पाहिले, पण मेन्यूतून स्नॅपशॉट निवडायला तिथे माणूस लागतोच.

प्रतिसाद १

जमेल, आणि आहे त्याच ग्रबवर. ग्रबच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट 'सेव्ह्ड' ठेवा आणि ग्रब-सेट-डिफॉल्टने चालणारा जुना कर्नल पक्का करा. अपग्रेडनंतर नवा कर्नल ग्रब-रीबूटने फक्त एका खेपेसाठी लावा. ती नोंद ग्रब वाचताक्षणी पुसतो, म्हणून नवा कर्नल कोसळला तरी पुढची खेप जुन्याचीच. कर्नलच्या ओळीत पॅनिक=३० घाला, म्हणजे पॅनिकनंतर ३० सेकंदांनी मशीन स्वतः रीबूट होईल. नाहीतर ते तसंच थिजून राहतं.

एक जपा. मेन्यूतला क्रमांक देऊ नका, एंट्रीचा आयडी द्या. नवा कर्नल आला की क्रमांक सरकतात आणि 'जुना' म्हणून भलताच उचलला जातो. तुमचं बूट ईएक्सटी४ वर आहे हे बरं झालं. एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटून देणारा लिनक्सचा थर) किंवा, ग्रबची आवृत्ती जुनी असेल तर, बीटीआरएफएसवर असतं तर ग्रबला ती नोंद पुसताच आली नसती आणि मशीन त्याच बिघडलेल्या कर्नलवर फिरत राहिलं असतं.

प्रतिसाद २

वरचा उपाय फक्त कर्नलपुरता. एखादी लायब्ररी (अनेक प्रोग्रामांना लागणारी सॉफ्टवेअरची फाइल) बिघडली तर जुन्या कर्नलवरही तीच राहणार. तिथे स्नॅपशॉटच हवेत, पण देवघेवीचा डेटाबेस वेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये (बीटीआरएफएसमधला स्वतंत्र कप्पा) ठेवा. नाहीतर सिस्टिम मागे नेताना दिवसभराच्या नोंदीही मागे जातील. कर्नल जुना करणं सोपं, पोरांनी नेलेली पुस्तकं कागदावरून परत जुळवणं महाकठीण.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. घरच्या जुन्या मशीनवर मुद्दाम इनिटरॅमएफएस खराब करून पाहिलं. पॅनिक आलं, ३० सेकंद गेले, आणि कुणी हात न लावता जुना कर्नल वर आला! लॉगिनची स्क्रीन दिसताना फार बरं वाटलं.

आता नवा कर्नल 'चांगला' कधी मानायचा, हे ठरवतोय. लॉगिनपर्यंत पोचणं पुरेसं नाही. डेटाबेसने उत्तर दिलं आणि प्रिंटर दिसला, तरच सिस्टिमडीची (कर्नलनंतर बाकीची सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) एक सर्व्हिस त्याला डिफॉल्ट करेल. १० मिनिटांत तसं झालं नाही तर रीबूट, पण नव्या कर्नलवर असतानाच. जुन्यावरही रीबूट होऊ दिला तर प्रिंटर बंद असेल त्या दिवशी मशीन फिरतच राहील.

एक अडचण उरते. पॅनिक न येता मशीन सिस्टिमडीपर्यंत पोचण्याआधीच थिजलं तर? सिस्टिमडीचा वॉचडॉग (मशीन थिजलं तर ते रीबूट करणारा टायमर) तोवर सुरूच झालेला नसतो. मदरबोर्डवरचा वॉचडॉग त्याआधीच चालू करून कुणी ठेवला आहे का? असेल तर कसा केला, ते सविस्तर लिहा.