स्पेसवॉक म्हणजे तरंगणं? अजिबात नाही

खटपट्या: अंतराळवीर यानाबाहेर जाऊन काम करतात त्या स्पेसवॉकबद्दल कालच्या चर्चेत एकांनी लिहिलंय, 'स्पेसवॉक म्हणजे दोरीला बांधून तरंगणं. ती कामं रोबोंना द्या, माणसं पाठवणं बंद करा.' वाचून राहवलं नाही. सूटच्या आत ०.३ वातावरणाइतका दाब, बाहेर निर्वात. त्यामुळे हातमोजा फुगून ताठ होतो आणि मूठ वळायची ती दरवेळी त्या दाबाशी झगडून, सहा-सहा तास. काहींची नखं गळून पडली आहेत. मी प्रयोगशाळेत ग्लोव्हबॉक्सवर, म्हणजे बंद पेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून, काम करतो. तिथे दाबाचा फरक किरकोळ, तरी बारीक स्क्रू चिमटीत धरता धरता बोटं भरून येतात.

२००९ ची हबल या अवकाश दुर्बिणीची दुरुस्ती आठवा. एका बोल्टचं डोकं झिजलं, झाकणाआड येणारी हँडरेल (धरायची दांडी) निघेना. अंतराळवीर मॅसिमिनोंनी ती हाताने खेचून तोडली आणि मग आतल्या झाकणाचे शंभरावर स्क्रू काढले. ऐनवेळी हे कुठला रोबो करणार होता?

दूरदर्शी: ते वाक्य माझं, आणि मी ते मागे घेत नाही. २००८ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असलेला डेक्स्टर हा रोबो बाहेरचे बिघडलेले भाग बदलतो. वेब दुर्बीण माणसाचा हात न लागता अवकाशात उलगडली. तुमची बोटं दुखली हा पुरावा नव्हे. जुलै २०१३ मध्ये स्पेसवॉक करताना अंतराळवीर पार्मितानोंच्या हेल्मेटमध्ये लिटरभर पाणी साठलं. तिथे पाणी खाली ओघळत नाही, चेहऱ्यालाच चिकटतं. नाकापर्यंत आलं होतं. माणूस बुडून मेला असता!

स्पष्टवक्ती: मग पूर्ण सांगा ना. आठवडाभर आधीच्या स्पेसवॉकनंतरही त्याच हेल्मेटमध्ये पाणी सापडलं होतं. पिण्याची पिशवी गळली असेल म्हणून विषय मिटवला. सूटकडे कुणी लक्षच देत नाही. मार्च २०१९ मध्ये मॅक्लेन आणि कोच या दोघी अंतराळवीरांना सूटचं मध्यम मापाचं धड हवं होतं, वापरायला तयार होतं एकच. दोन बायकांचा स्पेसवॉक ऑक्टोबरवर गेला.

दूरदर्शी: मॅक्लेन यांनी स्वतःच बदल सुचवला होता. दरवेळी मापावर का घसरता?

स्पष्टवक्ती: सुचवणारच! माप चुकलं की हात पोचत नाही. मला कामावर पुरुषी मापाचा सेफ्टी हार्नेस दिला होता. सगळे पट्टे आवळूनही खांद्यावरून घसरायचा, आणि वर उत्तर काय, तर 'चालवून घ्या'. उंचावर लटकून काम केलंयत कधी?

दूरदर्शी: नाही केलं. आवाज चढवू नका.

खटपट्या: मापाचं त्यांचं बरोबरच आहे. पण हबलच्या बोल्टचं उत्तर अजून आलं नाही.

दूरदर्शी: हबलपुरतं मान्य, बस? वेब १५ लाख किमीवर आहे. तिचा बोल्ट अडला असता तर तुमचा माणूस तिथे पोचला नसता, तेही लिहा.