'डिस्ट्रिक्ट कोर्ट'ला 'जिल्हा न्यायालय' म्हणायचं का?

भोपाळ वायुदुर्घटनेवरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात 'सदर्न डिस्ट्रिक्ट ऑफ न्यूयॉर्क'चं कोर्ट सारखं येतं. 'न्यूयॉर्कचं दक्षिण जिल्हा न्यायालय' लिहिलं तर चालेल ना? आणि ज्युरिसडिक्शनला अधिकारक्षेत्र की अधिकारिता?

—

चालेल की. पेपरवाले जिल्हा न्यायालयच छापतात, वाचणाऱ्याला अंदाज येतो.

—

अंदाज येतो पण चुकीचा येतो, म्हणून मला ते पटत नाही. आपल्याकडे जिल्हा म्हटलं की कलेक्टर, झेडपी, एसपी ऑफिस डोळ्यासमोर येतं. तिकडे त्याच्या जवळपास जाते ती काउंटी, आणि या एका सदर्न डिस्ट्रिक्टमध्ये अशा आठ काउंट्या आहेत, मॅनहॅटन, ब्रॉन्क्स, वेस्टचेस्टर आणि त्यांच्या वरच्या अंगाच्या पाच. १७८९ च्या कायद्यानं अख्ख्या न्यूयॉर्क राज्याला हे एकच कोर्ट दिलं होतं, न्यायाधीशही एकच, जेम्स ड्वेन, आणि ते ३ नोव्हेंबर १७८९ ला बसलं म्हणजे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्याही आधी, म्हणून त्याला 'मदर कोर्ट' म्हणतात. १८१४ ला उत्तर-दक्षिण वाटणी झाली, १८६५ ला ब्रुकलिन आणि लाँग आयलंड वेगळं काढून ईस्टर्न डिस्ट्रिक्ट केला, पण जमीन वाटली तरी भोवतालचं पाणी दोघांत सामाईक ठेवलं, शेताची वाटणी होते आणि विहीर सामाईक राहते ना, अगदी तसं.

आता ज्युरिसडिक्शन. वर सांगितली ती नुसती हद्द झाली. कुठल्या विषयाचा दावा ऐकायची ताकद आहे ती अधिकारिता. घटस्फोट, साधा खून हे राज्याच्या कोर्टात. फेडरल म्हणजे अख्ख्या देशाच्या कायद्याचा प्रश्न असेल, किंवा दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या लोकांचं भांडण आणि रक्कम ७५ हजार डॉलरच्या वर, तर या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात. अधिकारक्षेत्र म्हटलं की मनात नकाशाच येतो, म्हणून मी तरी अधिकारिता लिहीन.

—

पण मग भोपाळच्या केसमध्ये त्या कोर्टाला अधिकारिता नव्हती असं लिहू का?

—

नाही, तिथेच जपा! अधिकारिता होती. भारत सरकार १९८५ ला स्वतः तिथे गेलं होतं, आपली कोर्टं एवढा मोठा दावा पेलू शकणार नाहीत असं सांगत. १९८६ च्या मे महिन्यात तिथले न्यायाधीश कीनन यांनी दावा काढून टाकला तो 'भारतातली कोर्टं जास्त सोयीची आहेत' या कारणानं, आणि युनियन कार्बाइडनं, म्हणजे ज्या अमेरिकी कंपनीवर दावा होता तिनं, भारतीय कोर्टांची अधिकारिता मान्य करावी अशी अट घालून. त्याच वर्षी दावा परत उभा राहिला तो भोपाळच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात, आणि हे मात्र खरंखुरं जिल्हा न्यायालय. दोन्हीकडे 'जिल्हा न्यायालय' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल एका जिल्ह्यातनं दुसऱ्या जिल्ह्यात केस गेली, आणि एवढ्या माणसांचा दावा समुद्र ओलांडून परत पाठवला गेला हे त्या शब्दाखाली दबूनच जाईल.

—

पटलं. 'न्यूयॉर्कचं फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट' आणि 'भोपाळचं जिल्हा न्यायालय' असं करते.

—

बरोबर. आणि लेखात 'न्यूयॉर्क सुप्रीम कोर्ट' कुठे आलं तर त्याला सर्वोच्च न्यायालय करू नका हं, त्या राज्यात ते खटला चालवणारं खालचं कोर्ट आहे, सगळ्यात वरच्याला तिथे 'कोर्ट ऑफ अपील्स' म्हणतात.