न झालेल्या विज्ञानपटाची पटकथा चित्रकादंबरीत आणताना आवाजाचे काय करावे?

खोडदची वाट

नमस्कार. काही वर्षांपूर्वी मी एका मराठी विज्ञानपटाची पटकथा लिहिली. ती साधारण ११० पानांची आहे. एका निर्मात्याने लेखी करार करून आणि थोडी आगाऊ रक्कम देऊन ती घेतली होती, पण खर्चाचा अंदाज हाती आल्यावर काम थांबले आणि आता तो चित्रपट होण्याची चिन्हे नाहीत. कथेवरचा माझा विश्वास मात्र कायम आहे, म्हणून ती चित्रकादंबरीच्या, म्हणजे ग्राफिक नॉव्हेलच्या रूपात मांडावी असे मनात आहे.

कथा पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात घडते. नायिका सुमन नियंत्रण कक्षात रात्रपाळी करते. एका रात्री तिला ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारा संकेत आढळतो. सहकाऱ्यांच्या मते तो वीजवाहिनीचा किंवा एखाद्या यंत्राचा अडथळा आहे. त्याच वेळी तिच्या भावाला दुर्बिणीच्या एका भुजेलगतच्या, म्हणजे अँटेनांच्या एका रांगेलगतच्या, वडिलोपार्जित जमिनीवर वेल्डिंगचा कारखाना टाकायचा आहे, आणि दुर्बिणीला तर रेडिओ-शांतता हवी, म्हणजे आसपासच्या यंत्रांच्या रेडिओ लहरींचा अडथळा नको. घरातला हा वाद आणि आकाशातला तो संकेत शेवटी एकाच रात्री समोरासमोर येतात.

अडचण अशी की पटकथेतला सगळा ताण मी आवाजावर उभा केला होता. संकेत स्पीकरमधून ऐकू येतो, आधी खरखरीत दडलेला असतो, मग स्पष्ट होत जातो, आणि शेवटच्या प्रसंगात तो थांबल्यावर जी शांतता पसरते तीच कथेची परिणती आहे. कागदावर यातले काय उरेल? दुसरे असे की पटकथा आहे तशी जपावी की मोडून नव्याने लिहावी, याचा निर्णय होत नाही. आणि त्या जुन्या करारामुळे मला हे करण्याचा अधिकार आहे का, हेही समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कुंचला

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण चित्रकार म्हणून माझा रोजचा संबंध त्याच्याशी येतो.

न झालेल्या पटकथांची चित्ररूपे दोन वेगळ्या हेतूंनी झालेली दिसतात. विज्ञानकथालेखक विल्यम गिब्सन यांनी १९८७ च्या सुमारास ‘एलियन ३’साठी लिहिलेली पटकथा बाजूला पडली, १९९२ मध्ये त्या नावाचा चित्रपट वेगळ्याच कथेवर आला, आणि गिब्सन यांच्या पटकथेवरून जॉनी ख्रिसमस यांनी केलेले कॉमिक २०१८ मध्ये निघू लागले. तिथे वाचकाला मूळ पटकथेत काय होते हेच पाहायचे होते, त्यामुळे तिच्याशी इमान राखणे योग्यच होते. दिग्दर्शक डॅरेन ॲरोनॉफ्स्की यांच्या ‘द फाउंटन’ची गोष्ट निराळी आहे. २००२ मध्ये त्या चित्रपटाचे काम बंद पडल्यावर त्यांनी ती कथा केंट विल्यम्स या चित्रकाराकडे सोपवली, आणि २००५ मध्ये आलेले ते पुस्तक रंगचित्रांच्या भाषेत नव्याने विचार केलेले आहे; पुढच्याच वर्षी कमी खर्चात झालेला चित्रपट त्याच्यापेक्षा वेगळा दिसतो. दिग्दर्शक होदोरोव्स्की यांनी तर १९७० च्या दशकात ‘ड्यून’ चित्रपटाचा बेत कोसळल्यावर, त्या तयारीत सोबत असलेल्या मोबियस या चित्रकाराबरोबर संपूर्ण नवी कथा उभी केली. ‘द इन्काल’ ही मालिका त्यातूनच आली.

तुमच्या पटकथेकडे कोणी ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून येणार नाही, कारण वाचकाला ती माहीतच नाही. म्हणून ती मोडायला तुम्ही पूर्ण मोकळे आहात, आणि माझ्या मते मोडायलाच हवी.

याचे एक कारण खर्चाशी जोडलेले आहे. चित्रपटात जे महाग असते ते कागदावर बहुतेक वेळा स्वस्त पडते, आणि तिथे जे स्वस्त असते ते इथे महाग. अंतराळातून दिसणारी पृथ्वी किंवा दूरच्या ताऱ्याचा स्फोट मी एका दिवसात पूर्ण पानभर काढू शकतो. पण दोन माणसे एका खोलीत चार मिनिटे बोलत बसली आहेत, हा चित्रपटातला सर्वांत सोपा प्रसंग मला सहा-सात पाने खाऊन टाकतो, आणि त्यातली प्रत्येक चौकट वाचकाला कंटाळा येणार नाही अशी बसवावी लागते. तुमच्या निर्मात्याला परवडावे म्हणून तुम्ही जे प्रसंग नियंत्रण कक्षात कोंडले असतील, ते आधी बाहेर काढा. सुमन आणि तिच्या भावाचे भांडण रात्री शेतात, मागे आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या अँटेनांच्या साक्षीने होऊ द्या. अँटेना मात्र अवघड आहेत, हे आधीच सांगतो. तारांच्या जाळीची ४५ मीटर व्यासाची ती थाळी दर वेळी वेगळ्या कोनातून हाताने काढणे म्हणजे चित्रकाराचा छळ आहे, म्हणून तिचे त्रिमितीय प्रतिरूप संगणकावर एकदाच बनवून घ्या आणि त्यावरून रेखाटायला सांगा.

मध्यरात्र

मला आवाजाच्या प्रश्नावर लिहायचे आहे, कारण तुम्ही ज्याला अडचण म्हणता ती माझ्या दृष्टीने या कथेची सर्वांत मोठी संधी आहे.

रेडिओ खगोलशास्त्रज्ञ सहसा संकेत ऐकत नाहीत, ते पाहतात. स्पीकरला कान लावून बसलेला शास्त्रज्ञ ही पडद्याची गरज होती. पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा, वेगाने फिरणारा तारा, सापडला तोच कागदावर. १९६७ मध्ये केंब्रिजजवळच्या दुर्बिणीची नोंद पेनाने कागदी पट्टीवर उमटत असे, दिवसाला सुमारे ३० मीटर कागद लागे, आणि जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला त्या रेघांमध्ये जेमतेम बोटाच्या पेराएवढी एक खरवड दिसली, जी ना आकाशातल्या नेहमीच्या रेडिओ स्रोतांच्या नोंदीसारखी होती ना माणसाने केलेल्या अडथळ्यासारखी. पुढे पट्टी वेगाने फिरवून नोंद घेतल्यावर १.३४ सेकंदांच्या अंतराने येणारे स्पंद वेगळे झाले. त्याच पल्सारचे ८० सलग स्पंद एकाखाली एक रचलेली आकृती १९७० मध्ये हॅरल्ड क्राफ्ट यांच्या प्रबंधात आली. ती आकृती पाहा, म्हणजे माझा मुद्दा लगेच लक्षात येईल. काळाचे समान तुकडे करून ते खालीखाली मांडणे, हे चित्रकादंबरीचे पानही करतेच.

आता तुमच्या कथेला थेट उपयोगी पडेल अशी गोष्ट सांगतो. ताऱ्यांमधल्या पोकळीत विरळ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्यामुळे रेडिओ लहरींच्या कमी वारंवारता उशिरा पोहोचतात. याला अपस्करण म्हणतात. मध्यम अंतरावरच्या पल्सारचा एकच स्पंद ५०० मेगाहर्ट्झला जेव्हा पोहोचतो, त्यानंतर साधारण एक-दीड सेकंदाने तो ३०० मेगाहर्ट्झला पोहोचू शकतो. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वारंवारता घेऊन आलेख काढला, तर आकाशातून आलेला स्पंद वरून खाली झुकत गेलेल्या वक्र रेषेसारखा दिसतो. याउलट वेल्डिंगची ठिणगी शेजारच्या शेतातून येते. तिच्या सर्व वारंवारता एकाच क्षणी पोहोचतात आणि आलेखावर सरळ उभी रेघ उमटते. एकाच वारंवारतेवर सतत चालणारे प्रक्षेपण असेल तर लांब आडवी रेघ दिसते.

म्हणजे वाचकाला तुम्ही वाचायला शिकवू शकता. दहाव्या-बाराव्या पानावर सुमन एखाद्या शिकाऊ मुलाला आलेख दाखवून सांगते की सरळ रेघ जमिनीवरची आणि झुकलेली रेघ आकाशातली. त्यानंतर याबद्दल एक अक्षरही बोलायचे नाही. पुस्तकाच्या शेवटाकडे पान उलटले की पानभर आलेख असावा, त्यात भावाच्या कारखान्याच्या उभ्या रेघांच्या गर्दीत एकच वक्र रेषा असावी, आणि ती वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी सापडावी. हा शोध वाचकाचा स्वतःचा असेल. चित्रपटात ते चित्र दोन सेकंदांत निघून जाईल. कागदावर तो हवा तितका वेळ पाहत राहू शकतो.

आणखी एक बारकावा. आकाशातली वस्तू ठरावीक जागी दररोज सुमारे चार मिनिटे आधी येते, कारण ताऱ्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटांचा असतो. बेल यांनाही संकेत पृथ्वीवरचा नसावा असे वाटण्याचे महत्त्वाचे कारण हेच होते. नियंत्रण कक्षाच्या भिंतीवरचे घड्याळ प्रत्येक रात्रीच्या प्रसंगात तेवढेच मागे दाखवत जा.

खोडदची वाट

आपण दोघांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल आभार. वक्र आणि सरळ रेघेची कल्पना वाचल्यापासून मला पुस्तक डोळ्यांसमोर दिसू लागले आहे. घड्याळाचा बारकावा माझ्या पटकथेत होता, पण तिथे तो दोन शास्त्रज्ञांच्या लांबलचक संवादात अडकला होता. तो संवाद आता पूर्णपणे काढता येईल.

एक शंका मात्र उरते. माझी कथा मुळात सुमनच्या एकटेपणाची आहे. शेवटी संकेत थांबतो आणि ती थांबलेल्या यंत्रासमोर बसून राहते. चित्रकादंबरीत सुरुवातीपासून आवाजच नसेल, तर शांतता सुरू झाल्याचे वाचकाला कळणार कसे?

कुंचला

लयीने कळेल. मध्यरात्र यांनी स्पंद एकाखाली एक रचण्याचे जे सांगितले त्याचाच उपयोग करा. ज्या पानांवर संकेत चालू आहे तिथे सारख्या मापाच्या नऊ चौकटींची मांडणी ठेवा, आणि प्रत्येक चौकट म्हणजे एक स्पंद, असे वाचकाच्या नकळत ठरवून टाका. घरातले, शेतातले प्रसंग मोकळ्या मांडणीत येऊ द्या. असे तीन-चार वेळा झाले की वाचकाच्या डोळ्यांना तो ठेका लागतो. मग शेवटच्या प्रसंगात आठ चौकटी भरा आणि नववी कोरी सोडा. चौकटीची रेघही काढू नका. शांतता तिथे सुरू होईल.

मात्र संपूर्ण पुस्तक नऊ चौकटींत बांधू नका. देवनागरी अक्षराला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार लागतात, त्यामुळे दोन ओळींमध्ये इंग्रजी कॉमिकपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, आणि नऊ चौकटींच्या पानावर संवादाचे फुगे चित्र झाकून टाकतात. त्या पानांवर एका चौकटीत दहा-बारा शब्दांवर जाऊ नका. शिरोरेघेचा जाड-बारीकपणा बदलून आवाज चढवता-उतरवता येतो, पण त्यासाठी संगणकावरचा तयार टंक वापरण्याऐवजी सुलेखनकाराकडून हाताने लिहून घ्या. मराठी प्रकाशनांत या कामाला शेवटच्या आठवड्यात उरकण्याची सवय आहे आणि त्यामुळे चांगली चित्रे वाया गेलेली मी पाहिली आहेत.

मध्यरात्र यांच्या पान उलटण्याच्या सूचनेला एक तांत्रिक जोड देतो. आपले पुस्तक डावीकडून उजवीकडे वाचले जाते, म्हणून उलटल्यावर दिसणारे पान डावीकडचे, म्हणजे सम क्रमांकाचे असते. तो आलेख सम पानावरच पडला पाहिजे. पुढे दोन पाने वाढली-घटली तरी हे बिघडणार नाही, एक वाढले तर बिघडेल. छपाई १६ पानी फॉर्मने, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत होते, तेव्हा एकूण पाने त्या हिशेबात धरून आराखडा आधीच करा.

विधिज्ञा

कराराच्या प्रश्नावर लिहिते. तुमचा कागद मी पाहिलेला नाही, म्हणून वकिलाला दाखवण्यापूर्वी काय शोधायचे एवढेच सांगते.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये ‘रूपांतर’ या संज्ञेच्या व्याख्येतच, साहित्यकृतीची कथा पूर्णतः किंवा मुख्यतः चित्रांद्वारे सांगणारी आणि पुस्तकात किंवा नियतकालिकात छापण्याजोगी आवृत्ती समाविष्ट आहे. म्हणजे तुम्ही जे करू पाहता ते कायद्याच्या दृष्टीने रूपांतर आहे, आणि तो हक्क चित्रपट बनवण्याच्या हक्कापासून वेगळा देता येतो. करारात फक्त चित्रपटाचे हक्क दिल्याचे लिहिले असेल, तर चित्रकादंबरीचा हक्क तुमच्याकडेच राहिला असण्याची शक्यता बळकट आहे. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क’ अशा अर्थाचे वाक्य असेल, तर पुढचे मुद्दे महत्त्वाचे ठरतात.

कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते धरले जाते. याच कलमाच्या पोटकलम ४ नुसार, ज्याला हक्क मिळाला त्याने तो एका वर्षात वापरला नाही तर त्या हक्कापुरते हस्तांतरण संपुष्टात आल्याचे मानले जाते, मात्र करारात वेगळे लिहिलेले नसेल तरच. अनेक निर्माते नेमके हेच पोटकलम लागू होणार नाही असे करारात लिहून घेतात, म्हणून ते वाक्य शोधा. तुम्ही पगारी नोकरीत असताना पटकथा लिहिली असेल तर पहिली मालकीच वेगळी ठरू शकते. तुमच्या लिहिण्यावरून तसे वाटत नाही.

जुन्या निर्मात्याकडून, तुम्ही चित्रकादंबरी काढण्यास त्याची हरकत नाही असे एका पानावर लिहून मिळाले, तर सर्वांत उत्तम. काम थांबल्यावर बरेच जण ते देतात, विशेषतः घेतलेली आगाऊ रक्कम परत करण्याची तुमची तयारी असेल तर.

तितकेच महत्त्वाचे म्हणजे चित्रकाराबरोबरचा करार. चित्रांचा कॉपीराइट सहसा चित्रकाराचा असतो, पण मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्रांबाबत, करारात वेगळे लिहिलेले नसेल तर, तो काढून घेणाऱ्याचाही ठरू शकतो. पुढे कोणी या पुस्तकावरून चित्रपट करायचे म्हटले, तर सुमनचा चेहरा कोणाचा हा प्रश्न उभा राहील. पहिली रेघ ओढण्याआधी मानधन, विक्रीतला वाटा, भाषांतराचे आणि पडद्याचे हक्क दोघांनी बसून लिहून काढा.

खोडदची वाट

करार काढून पाहिला. मुदत लिहिलेली आहे आणि ती उलटून गेली आहे. तरीही निर्मात्यांना पत्र पाठवून लेखी संमती मागतो.

कुंचला, एखाद्या चित्रकाराकडून आधी आठ पाने करून पाहायची आहेत. सुमन शिकाऊ मुलाला आलेख समजावते तो प्रसंग आणि त्यानंतरची नऊ चौकटींची दोन पाने घ्यावीत, असे वाटते. एखाद्या दिवाळी अंकाने ती छापली तर प्रकाशकापुढे ठेवायला काहीतरी हाती येईल.

कुंचला

प्रसंग योग्य निवडला आहे. चित्रकाराला पटकथा देऊ नका, त्या आठ पानांचा चौकटवार आराखडा लिहून द्या, आणि प्रत्येक चौकटीत एकच कृती ठेवा. सुमन खुर्ची ओढून बसते आणि पडद्याकडे बोट दाखवते, या दोन चौकटी आहेत. आराखडा इथे टाकलात तर मी आणि मध्यरात्र दोघेही वाचू.

मध्यरात्र

नक्की वाचतो. आलेखावरच्या वक्र रेषेचा उतार मी मोजून देईन. ३०० ते ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती नेमकी किती झुकेल, ते सुमनचा पल्सार तुम्ही किती दूर ठेवता यावर अवलंबून आहे, तेव्हा ते अंतर आधी ठरवा.