दारू सोडल्यावरचे पोट: पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागावे का?

टिळकवाडीचा रहिवासी (धागाकर्ता)

दारू सोडून मला आता १९ महिने झाले. त्याआधी अकरा वर्षे रोज संध्याकाळी एक क्वार्टर आणि शनिवार-रविवारी त्याहून अधिक, असा क्रम होता. सोडल्यानंतर पहिल्या चार महिन्यांत चेहऱ्यावरची सूज गेली, झोप सुधारली आणि वजन सहा किलोंनी उतरले. पोट मात्र जवळजवळ होते तसेच राहिले. लग्नकार्यात, गावच्या लक्ष्मीच्या यात्रेत, कुठेही चार नातेवाईक भेटले की कोणीतरी पोटाकडे बघून विचारतोच, ‘सोडली म्हणतोस, मग हे अजून कसे?’ पीत होतो तेव्हा हाच माणूस गप्प होता, याचे मला आजही वाईट वाटते.

माझे मत स्पष्ट आहे. दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी पोट कमी करण्याचा कोणताही कडक कार्यक्रम हाती घेऊ नये आणि घरच्यांनीही तो विषय काढू नये. हे मी अनुभवावरून लिहीत आहे. तिसऱ्या महिन्यात बेळगाव शहरातल्या एका आहारसल्लागाराने मला दिवसाला १२०० कॅलरींचा तक्ता लिहून दिला. नवव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी खानापूर रोडवरच्या वाईन शॉपसमोर उभा होतो आणि आपण तिथे कसे पोहोचलो, हे मला नीट सांगता आले नसते. त्या काळात भूक आणि तलफ यांतला फरक शरीराला ओळखता येत नाही. मी घरी परतलो, पोटभर भात-आमटी जेवलो आणि दुसऱ्या दिवशी तो तक्ता फाडून टाकला. व्यसनमुक्तीच्या सभांमधून भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींपासून जपा असे सांगतात, त्यात भूक पहिली येते, ते उगाच नव्हे.

ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी अवश्य लिहावे.

शहापूर, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ

दादा, दारू सोडल्याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. तरीही आपल्या मताशी मी सहमत नाही, कारण ‘पोट’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत आणि त्यांतली एक गोष्ट वर्षभर काय, महिनाभरही थांबू शकत नाही.

पहिली गोष्ट आतड्यांभोवतीची आणि यकृताजवळची आतली चरबी. हे पोट हाताला घट्ट लागते आणि चिमटीत येत नाही. मधुमेह आणि हृदयविकाराशी संबंध असतो तो मुख्यतः या चरबीचा. मात्र खाणे आवरले आणि चालणे वाढले की सहसा हीच आधी उतरते. दुसरी कातडीखालची चरबी, जी चिमटीत पकडता येते. ती हळू उतरते, तिच्यापासून धोका कमी असतो आणि लोक जिला हट्टी म्हणतात ती बहुधा हीच.

तिसरी गोष्ट चरबी नाहीच. अनेक वर्षे पिणाऱ्याच्या यकृताला कायमची इजा झाली असेल, तर पोटात पाणी साठू शकते. त्याला जलोदर म्हणतात. दंड आणि मांड्या वाळत चालल्या आहेत पण पोट फुगते आहे, बेंबी बाहेर आली आहे, पायांवर सूज आहे, डोळे पिवळट दिसतात, अशी लक्षणे असतील तर आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन सोनोग्राफी आणि यकृताच्या तपासण्या कराव्यात. प्रयोगशाळेतल्या माझ्या नोकरीच्या वर्षांत, ‘सोडली आहे, आता पोट आपोआप जाईल’ अशा भरवशावर बसलेली आणि फार उशिरा आलेली माणसे मी पाहिली आहेत. आपला सल्ला अशा एखाद्याने वाचला तर काय होईल, याची मला काळजी वाटते.

उपासमार करू नये, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. पण दारूचा हिशेबही समजून घ्यावा. एक ग्रॅम मद्यार्कातून ७ कॅलरी मिळतात, म्हणजे पिठूळ पदार्थांच्या ४ पेक्षा बऱ्याच जास्त आणि चरबीच्या ९ पेक्षा थोड्याच कमी. १८० मिलीलीटरच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के मद्यार्क धरला तर साधारण ६१ ग्रॅम भरतो आणि त्याच्या ४२५ च्या आसपास कॅलरी होतात. चकणा वेगळाच. शिवाय मद्यार्क शरीराला साठवता येत नाही, म्हणून यकृत सर्व कामे सोडून आधी त्याचा निचरा करते आणि तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते; शेव, तळलेले शेंगदाणे, मटण यांतली चरबी तशीच साठत जाते. हे सारे बंद झाल्यावर, बाकी खाणे तेवढेच राहिले तर, हिशेबाने महिन्याला साधारण दीड किलो वजन उतरायला हवे. आपले चार महिन्यांत सहा किलो उतरले, म्हणजे गणित बरोबर जमले होते. त्यानंतर ते का थांबले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा, असे मला वाटते.

निपाणीची लेक

काका, ‘घरच्यांनी विषयही काढू नये’ हे तुमचे वाक्य वाचून मला राहवले नाही, म्हणून लिहिते.

माझ्या वडिलांनी पंढरपुरात तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून दारूला हात लावला नाही. आमच्या घरात वीस वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळ शांत जाऊ लागली. आईला इतका आनंद झाला होता की ते मागतील ते आणि मागणार नाहीत तेही ती त्यांच्यापुढे ठेवत असे. बेळगावहून कोणी आले की कुंदा यायचा, गोकाककडचे कोणी आले की करदंट यायचे, म्हणजे मिठाई घरात कायमची. दिवसाला आठ कप चहा व्हायचा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. दहा ग्रॅम धरली तरी आठ कपांत नुसत्या साखरेच्याच ३२० कॅलरी झाल्या, म्हणजे दारूतून गेलेल्या कॅलरींपैकी बहुतेक दुसऱ्या दाराने आत आल्या. एकादशीला उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि शेंगदाण्याचा लाडू व्हायचा. मनाला उपवास घडत असेल, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्यावर तूप. पोट वाढत होते हे आम्हा सगळ्यांना दिसत होते. ‘दारूपेक्षा बरे’ असे म्हणून सगळे गप्प राहिलो. दुसऱ्या वर्षी पायाची जखम भरेना तेव्हा तपासणीत मधुमेह निघाला.

दारू सुटल्यावर गोडाची ओढ वाढते, हे मला नंतर कळले. मेंदूला रोज ठरावीक वेळी जो सुखाचा झटका मिळत असे, तो साखरेतून काही अंशी मिळतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गोडाचा एखादा खडा तोंडात टाकून तलफ टळत असेल तर ते चांगलेच आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण ‘काही आठवडे’ आणि ‘कायमचे’ यांमधली रेघ कोणीतरी घरातल्याने दाखवायला हवी होती. ती मी दाखवली नाही, याची सल मला आहे. म्हणून घरच्यांना गप्प बसायला सांगू नका. कसे बोलावे, ते सांगा.

खानापूर तालुका, माजी सैनिक

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. मला कॅन्टीनमधून रम मिळायची, त्यामुळे किंमत आड येत नव्हती, आणि आमच्या भागातून चोर्ला घाट उतरला की गोव्यातही ती स्वस्त मिळते. अशा ठिकाणी राहून दारू सोडलेल्या माणसाला रोज संध्याकाळी काय झुंज द्यावी लागते, हे बाहेरच्याला समजत नाही. माझ्या ओळखीच्या एका सहकाऱ्याने सहा महिने दारूविना काढले आणि मग मुलीच्या लग्नाआधी पोट कमी करायचे म्हणून रात्रीचे जेवण बंद केले. तीन आठवड्यांत तो पुन्हा पिऊ लागला. दारू परत आली की पोटही परत येते, पण दारू गेलेली असताना पोट राहिले तर माणूस निदान जिवंत आणि आपल्या माणसांत असतो. या दोहोंत निवड करायची वेळ आली तर मी डोळे झाकून दुसरे निवडेन.

आणखी एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण वाचणाऱ्यांत आज पिणारेही असतील. रोज भरपूर पिणाऱ्याने हा धागा वाचून जोशात एका रात्रीत दारू बंद करू नये. हात थरथरणे, घाम, फेफरे येणे, भास होणे असे प्रकार पहिल्या दोन-तीन दिवसांत घडतात आणि ते जिवावर बेतू शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. ते बी-१ जीवनसत्त्वही देतात, कारण पिणाऱ्यांच्या शरीरात त्याची कमतरता फार असते.

तालमीतला, अनगोळ

आहारावर एवढे लिहिले गेले, पण मेहनतीचा कोणी उल्लेख केला नाही. पिणाऱ्याचे स्नायू झिजलेले असतात. वजनकाट्यावर वजन फार नसते, पण दंड-मांड्या बारीक आणि पोट पुढे, अशी अंगकाठी आमच्या तालमीत दारू सोडून येणाऱ्या पुष्कळांची दिसते. त्यांना उपाशी ठेवले तर उरलेले स्नायूही जातात आणि पोट आणखी उठून दिसते. माझ्या मते पहिल्या महिन्यापासून बैठका आणि जोर सुरू करावेत, अगदी दहापासून, आणि दर आठवड्याला थोडे वाढवावेत. जेवण कमी करण्याची आवश्यकता नाही. पोटाचे व्यायाम रोज शंभर घातले की पोट आत जाते, हा आमच्याकडचा जुना अनुभव आहे.

शहापूर, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ

तालमीतल्या बंधूंचे स्नायूंबद्दलचे निरीक्षण अचूक आहे आणि बैठकांचा सल्ला उत्तम आहे. शेवटचे वाक्य मात्र मान्य करता येत नाही. ज्या भागाचा व्यायाम करावा तिथलीच चरबी जळते, असे शरीरात घडत नाही. चरबी रक्तावाटे सर्व अंगातून घेतली जाते आणि ती आधी कुठून घ्यायची, हे आपल्या हातात नसते. शंभर पोटाच्या व्यायामांनी पोटाचे स्नायू बळकट होतील, पण त्यांच्यावरचा थर तेवढ्याने हलणार नाही. ज्यांची यकृताची तपासणी झालेली नाही किंवा रक्तदाब वाढलेला आहे, त्यांनी जोर-बैठकांपूर्वी डॉक्टरांना विचारावे. तोवर चालावे. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास किल्ला तलावाच्या काठाने, एवढ्यावर कोणालाही सुरुवात करता येते.

निपाणीची लेक

प्रथिनांबद्दल लिहायचे राहिले. माळकरी घरात अंडी-मासे नसतात, त्यामुळे वडिलांच्या ताटात भाकरी, भात आणि भाजी यांचाच डोंगर असायचा. आता आम्ही हुलग्याचे कढण, मटकीची उसळ, झुणका आणि ताक रोज ठेवतो. जेवण कमी केलेले नाही. भाताची जागा उसळीने घेतली. संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे पूर्वी ते प्यायला बसत त्या वेळी, गरम कढणाची वाटी हातात देते. तलफेच्या वेळी पोट भरलेले राहते आणि साखरही लागत नाही. दहा महिन्यांत कंबर ७ सेंटीमीटरने कमी झाली.

टिळकवाडीचा रहिवासी (धागाकर्ता)

सर्वांचे लिखाण मी दोनदा वाचले आणि माझ्या मूळ विधानातला एक भाग मागे घेतो. ‘विषयही काढू नये’ हे मी माझ्या दुखावलेपणातून लिहिले होते. चारचौघांत टोमणा मारणे आणि घरात कढणाची वाटी हातात देणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत आणि ताईंनी ते अगदी नेमके दाखवून दिले. सहा किलोंनंतर वजन का थांबले, याचेही उत्तर मला मिळाले. पाचव्या महिन्यापासून रात्री जेवणानंतर दोन पेढे आणि दुपारी शेव-चिवडा, हा नियम मीच लावून घेतला होता आणि त्याला मी आजवर बक्षीस समजत होतो.

सोमवारी सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या करून घेत आहे. शिंप्याची टेप आणून कंबर मोजली, ती १०४ सेंटीमीटर भरली. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० ची मर्यादा सांगतात.

मूळ मताचा दुसरा भाग मात्र मी सोडणार नाही. पहिल्या वर्षी उपाशी ठेवणारा कोणताही तक्ता, रात्रीचे जेवण बंद करणे किंवा लग्नाच्या तारखेपर्यंत अमुक किलो अशी प्रतिज्ञा, यांना माझा विरोध कायम आहे.

शहापूर, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ

त्या विरोधात मीही आपल्याबरोबर आहे. फक्त तपासणी पहिल्या महिन्यातच व्हावी, हा माझा आग्रह आपण मूळ मजकुरात वर जोडावा, म्हणजे पहिलाच परिच्छेद वाचून निघून जाणाऱ्यालाही तो दिसेल. यकृतात नुसती चरबी साठलेली असेल तर दारू बंद झाल्यावर काही आठवड्यांतच ती उतरू लागते. अहवालात तसे लिहून आले तर आपल्याला पुढच्या वर्षासाठी मोठा धीर मिळेल. कंबर दर पंधरा दिवसांनी, सकाळी, खाण्यापूर्वी, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरून मोजावी. रोज मोजू नये.

खानापूर तालुका, माजी सैनिक

रोज मोजू नये, याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. टिळकवाडीकर दादा, मी मंगळवारी आणि शुक्रवारी बेळगावात असतो. संध्याकाळी सहाला किल्ला तलावाच्या फाटकाशी थांबेन. ती वेळ आपल्या दोघांनाही एकट्याने काढणे जड जाते.