मदत हवी आहे: 'कोड्स' कधी चूक, कधी बरोबर?

मंडळी, बरीच वर्षं कोड लिहितोय, त्यावरून सहसा कुणी बोलत नाही. बोलणी खातो ती इंग्रजीवरून. परवा पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधले बदल तपासायला पाठवतो त्यात) लिहिलं, 'आय हॅव चेंज्ड द कोड्स अ‍ॅज पर युअर फीडबॅक्स.' रिव्ह्यू करणाऱ्याने लॉजिकबद्दल अवाक्षर काढलं नाही, दोन्ही शब्दांची शेपटं तेवढी छाटली. 'सॉफ्टवेअर्स'वरून आधी एकदा झालंच होतं.

ठीक, मान्य. पण त्याच फाइलमध्ये 'एरर कोड्स' आहेत, वेबच्या एचटीटीपीचे 'स्टेटस कोड्स' (सर्व्हरच्या उत्तरातले आकडे) आहेत, ते चालले. सिम्युलेशन करणारे शास्त्रज्ञ तर आख्ख्या प्रोग्रॅम्सना सर्रास 'कोड्स' म्हणतात. आणि डेटा! एक जण 'डेटा इज' लिहितो, दुसरा 'डेटा आर'.

'बग', 'क्वेरी' यांत मी चुकत नाही. मग बाकीच्यांसाठी, पाठ न करता ओळखायची काही खूण आहे का? की मराठीत विचार करतो म्हणून घसरतो?

प्रतिसाद

शंका रास्त आहे. आपल्याकडे सल्ले दोन मिळतात, अभिप्राय तीन येतात, पुरावे ढीगभर असतात. त्यातूनच 'अ‍ॅडव्हायसेस', 'फीडबॅक्स', 'एव्हिडन्सेस' निघतात. गंमत म्हणजे 'दोन माहित्या' आपणही म्हणत नाही, तरी 'इन्फर्मेशन्स' लिहिणारे भेटतातच.

कोडचं म्हणाल तर 404 आणि 500 हे दोन सुटे स्टेटस कोड, बोट ठेवून मोजता येतात. लिहिलेला कोड वाळूसारखा. 'दोन वाळू' नाही, दोन घमेली वाळू. तसं 'टू लाइन्स ऑफ कोड', 'अ पीस ऑफ कोड'. शास्त्रज्ञांचे 'कोड्स' त्यांच्या क्षेत्रात बरोबरच, पण आपल्या पुल रिक्वेस्टमध्ये खटकतात. हार्डवेअर, फर्मवेअर, मालवेअर, 'वेअर'वाले सगळे न मोजायचे. अनेक हवेत तर 'प्रोग्रॅम्स' म्हणा.

ही खूण सगळीकडे चालत नाही, हे आधीच सांगतो. 'इक्विपमेंट'चे नग डोळ्यांसमोर असतात, तरी 'इक्विपमेंट्स' नाही. अडलं की शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. त्यात नामाच्या अर्थापुढे 'सी' (काउंटेबल, मोजता येणारं) किंवा 'यू' (अनकाउंटेबल, न मोजता येणारं) छापलेलं असतं. डेटा मुळात लॅटिनमधलं अनेकवचन, म्हणून शास्त्रीय लेखनात अजून 'आर' दिसतं. आपल्या कामात 'इज' खुशाल लिहा.

आणि नुसता 'स' काढून भागत नाही. शब्दाआधीचा 'अ'सुद्धा जातो: 'अ सॉफ्टवेअर', 'अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस' दोन्ही चूक.

धागाकर्ता

म्हणजे 'प्लीज गिव्ह मी अ फीडबॅक' हेही चूक? आत्ताच पाठवून बसलोय.